नसलेल्या सम्राटाचे पत्र

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पडवीत उभे असता एक माता आपल्या मुलाला पुढे घालून आली. मुलगा दहावीत शिकणारा, डोंबिवलीत राहणारा, डोळ्यांवर चष्मा, काखेत दोनशे पानी वही. "फादर, तुम्हीच ह्याला दोन शब्द सांगा. बीजगणिताच्या वहीत हे असले काहीतरी लिहीत बसतो," असे म्हणून तिने ती वही आमच्या हाती दिली. आम्ही उघडून पाहिली. पहिल्याच पानावर एका साम्राज्याचा नकाशा होता. सात प्रांत, दोन नद्या, एक वाळवंट, पर्वतापलीकडे रानटी टोळ्या. पुढच्या पानांवर सम्राटांची वंशावळ, नाण्यांची चित्रे, सैन्याची रचना, सणांची यादी आणि कायद्याची सव्वीस कलमे. त्या साम्राज्यात कोणी गरीब नव्हते, कोणी खोटे बोलत नव्हते. सम्राट स्वतःच राज्याचा प्रमुख धर्मगुरूही होता.

आम्ही विचारले, "अरे, एवढ्या मोठ्या राजवाड्यात झाडलोट कोण करते?" तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "फादर, ते दाखवत नाहीत." थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "असले ख्रिस्ती साम्राज्य खरेच कुठे होते का?"

बीजगणिताविषयी जे सांगायचे ते आम्ही सांगितले. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र पडवीत उभ्याउभ्या देण्याजोगे नव्हते. कारण त्याने वहीत जे रेखाटले होते, तेच जवळजवळ जसेच्या तसे साडेआठशे वर्षांपूर्वी युरोपात कोणीतरी लिहून ठेवले आहे. ते शेकडो वर्षे खरे मानले गेले. आणि त्या कल्पित साम्राज्याच्या कथेत आमचे ठाणे बंदर अगदी अनपेक्षित रीतीने येऊन बसले आहे. हा लेख म्हणजे त्या मुलाला दिलेले उशिराचे उत्तर होय.

इ.स. ११६५ च्या सुमारास पश्चिम युरोपात लॅटिन भाषेतील एक पत्र हातोहात फिरू लागले. पत्र कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट मॅन्युएल याला उद्देशून लिहिलेले होते आणि लिहिणारा स्वतःला जॉन म्हणवीत होता. 'प्रेस्बितर' जॉन, म्हणजे धर्मगुरू जॉन. याचेच पुढे प्रेस्टर जॉन झाले. आपण तिन्ही हिंदुस्थानांचे अधिपती आहोत, प्रेषित संत थॉमस यांचे शरीर जेथे विसावले आहे त्या दूरच्या हिंदुस्थानापासून बाबेलच्या बुरुजापर्यंत आपली सत्ता चालते, बहात्तर राजे आपल्याला खंडणी देतात, असे तो कळवितो. या पत्राच्या शंभराहून अधिक लॅटिन हस्तलिखित प्रती आजही युरोपातील ग्रंथालयांत आहेत. छापखाना नसलेल्या काळात एका पत्राच्या इतक्या नकला व्हाव्यात यावरूनच त्याची मोहिनी कळावी.

हे पत्र आकाशातून पडले नव्हते. ११२२ मध्ये हिंदुस्थानचा कोणी जॉन नावाचा धर्माधिकारी रोमला आला आणि त्याने संत थॉमस यांच्या समाधीचे चमत्कार सांगितले, अशी नोंद आहे. ११४५ मध्ये सिरियातील जबालाचे महागुरुस्वामी ह्यू इटलीत पोपमहोदयांना भेटले. आदल्याच वर्षी एडेसा शहर पडले होते आणि ते मदत मागायला आले होते. त्यांनी सांगितलेली वार्ता फ्रायझिंगचे महागुरू ओटो यांनी आपल्या इतिहासग्रंथात नोंदविली आहे. ती अशी की, इराणच्या पलीकडे जॉन नावाचा एक ख्रिस्ती राजा आणि धर्मगुरू आहे, त्याने इराणी राजांचा पराभव केला आणि तो यरुशलेमच्या साहाय्यास निघाला होता. परंतु तैग्रिस नदी ओलांडता न आल्याने परत फिरला. पराभव खरा होता. ११४१ मध्ये समरकंदजवळ सेल्जुक सुलतान संजर याला मध्य आशियातील कारा-खिताई सैन्याने धूळ चारली होती. मात्र त्या सैन्याचा नायक ख्रिस्ती नव्हता. संकटात सापडलेल्या माणसाने दूरची धूळ पाहून आपलाच भाऊ येत आहे असे समजावे, तसे झाले.

आता पत्राकडे वळू. एक वाङ्मयकृती म्हणून ते वाचावे असे आम्हांस वाटते. कारण अज्ञानी लोकांची भाबडी कल्पना म्हणून ते बाजूला ठेवले, तर त्यातील चातुर्य आपल्या लक्षात येणार नाही. त्याचा कर्ता कोण हे आजवर ठरलेले नाही. पण तो शिकलेला, पवित्र शास्त्र आणि जुने ग्रंथ मुखोद्गत असलेला, दरबारी भाषेत मुरलेला मनुष्य होता यात शंका नाही.

या साम्राज्याचे राजकारण पाहा. सम्राटाच्या मेजावर रोज तीस हजार माणसे जेवतात. उजव्या हाताला बारा आर्चबिशप, डाव्या हाताला वीस बिशप. दर महिन्याला सात राजे आळीपाळीने सेवेला उभे असतात. त्याचा कारभारी हा राजा असून धर्मश्रेष्ठीही आहे. पेला भरणारा हा राजा आणि आर्चबिशप. घोड्यांची व्यवस्था पाहणारा हा राजा आणि मठाधिपती. मुख्य आचारीसुद्धा राजा आणि मठाधीशच. एवढ्या मोठ्या पदव्या चाकरांनाच लाभल्या असल्यामुळे आम्ही नम्रतेने स्वतःला केवळ 'धर्मगुरू' म्हणवितो, असे सम्राट सांगतो. नम्रतेचा हा डौल असा काही साधला आहे की वाचणाऱ्याला हसूही येते आणि धाकही बसतो. सम्राट पत्रभर स्वतःविषयी 'आमचे वैभव', 'आमची थोरवी' अशा बहुवचनी थाटात बोलतो. लेखात 'आम्ही' म्हणण्याची सवय जडलेल्यांनी याविषयी फार बोलू नये हे बरे.

पण या सगळ्या उच्चपदस्थांच्या गर्दीत एक गोष्ट नाही. पोप नाहीत. रोमचा उल्लेखच नाही. धर्मसत्ता आणि राजसत्ता एकाच माणसाच्या मुठीत आहेत आणि सारे सुरळीत चालले आहे. ११५९ पासून पोप तिसरे अलेक्झांडर आणि जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा यांच्यात तीव्र संघर्ष चालू होता. सम्राटाने आपला वेगळा पोपही उभा केला होता. अशा वेळी, पोपवाचून चालणारे एक आदर्श ख्रिस्ती साम्राज्य पूर्वेला आहे असे भासविणारे पत्र निघावे, हा योगायोग नसावा. ते बार्बारोसाच्या दरबारी वर्तुळात तयार झाले असावे असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे आणि तो आम्हांस पटण्याजोगा वाटतो. त्याच वर्तुळातील रायनाल्ड या मंत्र्याने ११६४ मध्ये तीन ज्ञानी राजांचे अवशेष मिलानहून कोलोनला नेले होते, आणि प्रेस्टर जॉनही त्याच ज्ञानी राजांच्या कुळातला असे ओटो यांच्या इतिहासात म्हटले आहे. पूर्वेच्या राजांविषयीचे ते कुतूहल एकाच हवेतले होते. पत्रात मॅन्युएललाही टोला आहेच. तुझे ग्रीक लोक तुला देव समजतात, पण तू मर्त्य आहेस हे आम्ही जाणतो. इकडे आलास तर आमच्या घरचा कारभारी नेमू, असे त्याला सुनावले आहे.

समाजव्यवस्थेचे वर्णन अधिक विचार करायला लावते. येथे चोर नाही, लुटारू नाही, खुशामत्या नाही, कृपण नाही, गरीब नाही. खोटे बोलणारा मेल्यात जमा धरला जातो. हे वाचताना प्रेषितांच्या कृत्यांतील आरंभीच्या श्रद्धावंतांचे चित्र डोळ्यांपुढे यावे अशीच योजना आहे. परंतु तेथे कोणी गरजवंत उरला नाही याचे कारण दिलेले आहे. ज्यांच्याकडे शेते होती, घरे होती, त्यांनी ती विकली. येथे कारण दिलेले नाही. नदीतून रत्ने वाहत येतात, एका झऱ्याचे पाणी उपाशीपोटी तीनदा प्यायल्यास मनुष्य जन्मभर बत्तीस वर्षांचाच राहतो, दूध आणि मध वाहतात. म्हणून कोणी गरीब नाही. कोणी कोणाला काही दिल्यामुळे नव्हे. डोंबिवलीच्या आमच्या मित्राच्या शब्दांत सांगायचे तर, ते दाखवत नाहीत.

आणि सर्वजण इतके सत्यवचनी असताना राजवाड्यासमोरच्या उंच मनोऱ्यावर एक प्रचंड आरसा कशाला? त्या आरशात साम्राज्याच्या कोणत्याही प्रांतात शिजणारा कट दिसतो, आणि त्याच्याभोवती हजारो सशस्त्र शिपाई रात्रंदिवस पहारा देतात. ज्या राज्यात खोटे बोलणाराच नाही त्या राज्यात हेर हवेत, ही विसंगती लेखकाच्या ध्यानात आली नसेल असे नाही. बहुधा त्याला ती विसंगती वाटलीच नाही. आपल्या इमारतींच्या दारादारांत आज कॅमेरे आहेत. त्यामुळे आपल्यालाही ती फारशी खुपणार नाही.

स्त्रियांविषयी पत्रात एवढेच की सम्राटाच्या सुंदर भार्या वर्षातून चार वेळा, आणि केवळ संततीसाठी, त्याच्याकडे येतात. लांब कुठेतरी स्त्रियांचे एक स्वतंत्र राज्य आहे. बाकी घर, स्वयंपाकघर, पाळणा, आजारपण यांचे नावही नाही.

तरी एक जागा अशी आहे की जेथे आम्ही नेहमी थांबतो. युद्धाला निघताना या सम्राटापुढे निशाणांऐवजी सोन्याचे, रत्नजडित तेरा क्रूस असतात आणि प्रत्येकामागे दहा हजार घोडेस्वार व एक लाख पायदळ चालते. पण शांततेच्या काळात तो बाहेर पडतो तेव्हा त्याच्यापुढे एक साधा, विनाअलंकार लाकडी क्रूस असतो आणि मातीने भरलेले एक पात्र. आपणही माती होणार याची आठवण राहावी म्हणून. सोबत दुसरे सोन्याने भरलेले पात्रही असते, तो राजा आहे हे लोकांना कळावे म्हणून. मातीचे पात्र सुचलेला लेखक केवळ राजकारणी नव्हता.

मात्र राजवाड्याच्या बाबतीत त्याचा पाय घसरला आणि आमच्या दृष्टीने पत्राचे सारे अपयश तेथेच उघडे पडते. प्रेस्टर जॉन अभिमानाने सांगतो की आपला राजवाडा प्रेषित थॉमस यांनी हिंदुस्थानचा राजा गुंडफर याच्यासाठी ज्या नमुन्यावर राजवाडा योजला, त्याच नमुन्यावर बांधलेला आहे. मग त्याचे वर्णन: मौल्यवान लाकडाचे छत, रात्री प्रकाशणारी रत्ने, पाचूचे मेज, मद्याचा अंमल चढू नये म्हणून जांभळ्या रत्नांचे खांब. आता थॉमस यांच्या राजवाड्याची ती कथा आपल्या वाचकांपैकी अनेकांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली असेल. तिसऱ्या शतकातील एका सिरियन ग्रंथात ती येते. गुंडफर राजा थॉमस यांना कारागीर समजून राजवाड्यासाठी पैसे देतो. थॉमस ते पैसे गोरगरिबांत वाटून टाकतात. राजा राजवाडा पाहायला येतो तर जागा मोकळी. राजवाडा स्वर्गात बांधला आहे, असे थॉमस सांगतात आणि राजा त्यांना कैदेत टाकतो. पुढे राजाचा मेलेला भाऊ जिवंत होऊन तो राजवाडा आपण स्वर्गात पाहिल्याची साक्ष देतो. कथा आख्यायिकेची आहे. गुंडफर राजा मात्र खरा, त्याची नाणी वायव्येकडे सापडली आहेत. तेव्हा त्या राजवाड्याचा 'नमुना' म्हणजे रिकामे मैदान आणि पोटभर जेवलेले गरीब. त्या नमुन्यावर पाचूचे मेज कसे उभे राहिले? पत्राच्या कर्त्याला कथा ठाऊक होती, नाव ठाऊक होते, आणि तरीही त्याने तिचा गाभाच गमावला. आम्ही सेमिनरीत असताना हे पत्र प्रथम वाचले तेव्हा आम्हीही राजवाड्याच्याच वर्णनात रमलो होतो, हे कबूल केले पाहिजे. धर्मग्रामाचा हिशेब सांभाळायची वेळ आल्यावर ही चूक दिसू लागली.

या पत्राचे सर्वांत जुने आणि बहुधा सर्वांत नेमके समीक्षण एका पोपमहोदयांनीच केले आहे. २७ सप्टेंबर ११७७ रोजी तिसऱ्या अलेक्झांडर यांनी व्हेनिसहून हिंदुस्थानचा राजा जॉन याला एक पत्र धाडले. बार्बारोसाशी समेट होऊन काही आठवडेच लोटले होते. रोममधील एक चर्च आणि यरुशलेममधील एक वेदी आपल्या लोकांना मिळावी ही त्या राजाची इच्छा असल्याचे आपल्याला कळले आहे, असे ते म्हणतात. आणि हळूच जोडतात की, धनाचा आणि सत्तेचा डौल राजाने जितका कमी मिरवावा तितक्या आनंदाने त्याच्या विनंत्या मान्य होतील. हे पत्र घेऊन पोपमहोदयांचे वैद्य फिलिप निघाले. त्यांच्याविषयी इतिहासात पुन्हा एक अक्षर सापडत नाही.

पुढली शंभर वर्षे हा सम्राट आशियाभर शोधला गेला. १२२१ मध्ये क्रूसयुद्धाच्या छावणीत वार्ता पसरली की पूर्वेकडून ख्रिस्ती राजा चालून येत आहे; येत होता तो चंगीझखान. मार्को पोलो यांनी त्याला मंगोलियातील केराईत टोळीचा सरदार ठरवून चंगीझच्या हातून मारूनही टाकले. तरी सम्राट मरेना.

आणि येथे आपले ठाणे येते. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन व्रतस्थ, तोलेंतिनोचे थॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री, दक्षिणेकडे निघाले असता त्यांचे जहाज ठाण्याला लागले. त्यांच्यासोबत फ्रान्समधील सेव्हेराकचे डॉमिनिकन बंधू जॉर्डानुस होते. देवगिरीचे यादव नुकतेच नामशेष झाले होते आणि ठाण्यावर दिल्लीच्या सुलतानाचा अंमलदार होता. ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असे ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने लिहिले आहे. ओडोरिक काही काळाने स्वतः येथे आले आणि १३३० मध्ये त्यांनी आपला वृत्तान्त पाडुआ येथे सांगून लिहविला. (ठाण्यात कुत्र्यांएवढे उंदीर आहेत, असेही ते लिहितात, ठाणेकर वाचकांनी याचा निवाडा स्वतः करावा.)

ओडोरिक यांचा वृत्तान्त आम्ही प्रेस्टर जॉनच्या पत्राशेजारी ठेवून वाचतो. कारण येथे कल्पनेतील नव्हे, तर हाडामांसाच्या पूर्वेकडील ख्रिस्ती घराचे दार उघडते. आणि ते उघडताच काय दिसते? ज्या घरी हे व्रतस्थ उतरले होते तेथे संध्याकाळी नवरा-बायकोचे भांडण झाले आणि नवऱ्याने बायकोला मारले. सकाळी ती काजीकडे दाद मागायला गेली. पुरावा काय, असे काजीने विचारताच, घरात चार फिरंगी धर्मगुरू होते, त्यांनी पाहिले आहे, असे तिने सांगितले. त्यांना बोलावण्यात आले. भांडणाचा विषय बाजूला पडून धर्माचा वाद सुरू झाला आणि त्या वादाचा शेवट चौघांच्या मृत्यूत झाला. तिघांना ९ एप्रिलला आणि पीटर यांना दोन दिवसांनी ठार करण्यात आले. जॉर्डानुस त्या वेळी ठाण्यात नव्हते. त्यांनी परत येऊन देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे ओडोरिक यांनी ती हाडे काढून आपल्याबरोबर थेट चीनमधील झैतून बंदरात नेली. ही घटना ठाणे-मुंबईच्या ख्रिस्ती इतिहासात रक्तसाक्ष्यांची गौरवगाथा म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण तिच्या आरंभी मार खाल्लेली एक ख्रिस्ती बाई आहे, हे आम्ही धर्मगुरू प्रवचनात बहुधा गाळतो. आम्हीही गाळले आहे.

जॉर्डानुस पुढे दोन-अडीच वर्षे याच किनाऱ्यावर एकटे वावरले; त्यांची पत्रे उपलब्ध आहेत आणि त्यांतील एकाकीपणा वाचवत नाही. १३२९ मध्ये त्यांची कोल्लमचे महागुरू म्हणून नेमणूक झाली. त्याच सुमारास त्यांनी पूर्वेकडील नवलांवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. प्रेस्टर जॉनच्या पत्रावरील दुसरे मोठे समीक्षण आम्ही यालाच म्हणू, जरी त्यांनी ते हेतूने केलेले नाही.

पत्रात मिरीची एक सुरस हकीकत आहे. मिरीची झाडे सापांनी भरलेल्या रानात असतात. रानाला आग लावून साप हुसकावतात आणि मग मिरी गोळा करून भाजतात. युरोपात पिढ्यान्पिढ्या हेच मानले जात होते. जॉर्डानुस सांगतात की मिरीचा वेल असतो, आयव्हीसारखा झाडावर चढणारा, त्याला रानद्राक्षांसारखे घोस लागतात, आधी हिरवे, मग काळे; आणि मिरीखाली आग लावतात किंवा ती भाजतात हे निव्वळ खोटे आहे. फणसाचे वर्णन त्यांनी काय हौसेने केले आहे! एक फळ पाच जणांना पुरते म्हणतात. आंबा आहे, नारळ आहे, ताडी आहे. मृतांना पुरतही नाहीत आणि जाळतही नाहीत, तर छप्पर नसलेल्या मनोऱ्यात ठेवतात असे लोक आहेत. म्हणजे आपले पारशी. सतीची चाल आहे. येथले लोक खाण्यापिण्यात स्वच्छ, बोलण्यात खरे आणि न्यायाला जागणारे आहेत, असा निर्वाळा आहे. जो सत्यवचनीपणा पत्राने काल्पनिक ख्रिस्ती प्रजेला बहाल केला होता, तो या धर्मगुरूला भेटला तो आमच्या अख्रिस्ती शेजाऱ्यांमध्ये. आणि त्याने तो लिहून ठेवला. चार सोबत्यांचे देह नुकतेच पुरलेल्या माणसाने हे लिहावे, याचे मोल आम्हांस फार वाटते.

परंतु याच ग्रंथात 'तिसरा हिंदुस्थान' नावाचे एक प्रकरण आहे. तेथे आपण गेलो नाही, विश्वसनीय लोकांकडून ऐकले आहे, असे जॉर्डानुस प्रामाणिकपणे सांगतात. आणि काय आश्चर्य, तेथे लगेच डोक्यावर रत्न असलेले नाग आणि हत्ती उचलून नेणारे पक्षी हजर होतात. तेथेच इथिओपियाचा सम्राटही आहे, ज्याला तुम्ही प्रेस्टर जॉन म्हणता तो. जेथे पाय लागले तेथे फणस; जेथे लागले नाहीत तेथे रत्नवाले नाग आणि आदर्श सम्राट. कल्पित साम्राज्याची सीमा नेहमी अशीच सरकत असते. मध्य आशियात सैनिक पोचले तसा सम्राट तेथून हलला. हिंदुस्थानात जॉर्डानुस पोचले तसा तो आफ्रिकेत गेला. ओडोरिक यांनी तर स्पष्टच लिहिले की प्रेस्टर जॉनविषयी जे सांगितले जाते त्याचा शंभरावा हिस्साही खरा नाही.

जॉर्डानुस यांना निर्दोष ठरविण्याचा आमचा हेतू नाही. फ्रान्सचा राजा मनात आणील तर सारे जग जिंकून ख्रिस्ती करील, असेही त्याच पुस्तकात त्यांनी म्हटले आहे. फणस पाहणारा डोळा आणि हे वाक्य एकाच माणसाचे आहे.

पुढील कथा सर्वांना कमीअधिक ठाऊक आहे. १४८७ मध्ये पोर्तुगालच्या राजाने पेरू द कोव्हिल्यान् याला ज्या दोन गोष्टींच्या शोधात पाठविले त्या म्हणजे मसाल्यांची वाट आणि प्रेस्टर जॉन. १४९८ मध्ये वास्को द गामाची माणसे कालिकतला उतरली आणि तेथील एका देवळाला त्यांनी चर्च समजून नमस्कार केला. भिंतीवरच्या संतांचे दात पुढे आलेले आणि हात चार-पाच होते, अशी नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. पत्र ज्यांनी मनात घोळविले त्यांना हवे ते दिसतच होते. १५२० मध्ये पोर्तुगीज वकिलात इथिओपियाला पोचली. तेथे खरोखरच जुने ख्रिस्ती राज्य होते. पण तेथील सम्राट स्वतःला प्रेस्टर जॉन म्हणवीत नव्हता. वकिलातीतील धर्मगुरू फ्रान्सिस्कू आल्व्हारिश यांनी तेथील उपास, चर्चे, प्रवासाचे हाल यांचे साधे आणि सुंदर वर्णन लिहिले. १५४० मध्ये ते लिस्बनला छापले गेले, तेव्हा मुखपृष्ठावर नाव मात्र प्रेस्टर जॉनच्याच देशाचे आले. १५७३ मध्ये ऑर्टेलियस यांच्या नकाशातही तेच.

येथून आमचे मन अस्वस्थ होते. कारण कल्पित भावाची वाट पाहणाऱ्याला खरा भाऊ भेटतो तेव्हा तो त्याला आवडत नाही. इथिओपियाचे ख्रिस्ती शनिवार पाळतात, सुंता करतात, म्हणून त्यांना सुधारण्याची खटपट झाली. १६२२ मध्ये त्यांच्या सम्राटाने रोमशी ऐक्य स्वीकारले, देशात रक्तपात झाला, १६३२ मध्ये त्याला गादी सोडावी लागली आणि येशूसंघीयांना देशाबाहेर जावे लागले. केरळात तेच. थॉमस यांचा वारसा सांगणाऱ्या ख्रिस्ती समाजासाठी १५९९ मध्ये उदयंपेरूर येथे धर्ममहासभा भरली आणि त्यांचे सिरियन ग्रंथ शुद्धीसाठी मागविले गेले, काही जाळले गेले. १६५३ मध्ये मट्टनचेरीला क्रूसाला दोर बांधून त्यांनी शपथ घेतली, ती फूट अद्याप सांधलेली नाही. ज्यांच्या पूर्वजांची कीर्ती ऐकून युरोप चार शतके मोहरला होता, त्यांच्याशी हे वर्तन झाले.

आमच्या भागाला तर हे भाऊ अगदी जुने परिचयाचे आहेत. सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने, 'कल्लियाना' बंदरात इराणहून नेमणूक होऊन आलेले बिशप आहेत, असे लिहून ठेवले आहे. हे म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. (कॉस्मस यांच्या मते पृथ्वी चौकोनी पेटीसारखी होती; पण बिशप त्यांनी पेटीबाहेरचे पाहिले.) आणि १९८८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी केरळबाहेर पसरलेल्या सिरो-मलबार श्रद्धावंतांसाठी एक धर्मप्रांत स्थापन केला, त्याचे नाव कल्याण असेच ठेवले. चौदाशे वर्षांनी त्याच सिरियन परंपरेचे बिशप त्याच नावाशी जोडले गेले. आमच्या धर्मग्रामातील किती कुटुंबांना आपल्याच इमारतीतील मल्याळी कुटुंबाची मिस्सा आपल्यापेक्षा वेगळी का असते, हे ठाऊक आहे? "ते आपल्यातले नाहीत ना, फादर?" असा प्रश्न आम्हांस कल्याणमध्ये एकदा नव्हे, अनेकदा विचारला गेला आहे.

प्रेस्टर जॉनवर पुढेही लिहिले गेले. उम्बेर्तो एको यांनी २००० साली 'बाउदोलिनो' ही कादंबरी लिहिली, तिचा नायक आणि त्याचे मित्र हे पत्र स्वतःच रचतात आणि मग आपणच रचलेल्या सम्राटाच्या शोधात निघतात. युक्ती मोठी गमतीची आहे. उत्तरार्धातील चमत्कारिक प्राण्यांची गर्दी मात्र आम्हांस कंटाळवाणी वाटली.

हे सारे आम्ही थोडक्यात त्या मुलाला सांगितले. त्याची आई शेजारीच बसली होती. जॉर्डानुस आणि मिरी, सोपाऱ्याची कबर, चीनला गेलेली हाडे, सारे त्याने नीट ऐकून घेतले. राजवाड्यात झाडलोट कोण करते यासाठी त्याने वहीत आता एक पान राखून ठेवले आहे. निघताना आईने विचारले, "फादर, ती काजीकडे गेलेली बाई. तिचे पुढे काय झाले?"

ओडोरिक यांच्या वृत्तान्तात ती पुन्हा येत नाही. चारही व्रतस्थांची नावे आहेत. तिचे नाव नाही.